डाव्या कानातला प्रवास

मी एक जुनं कानाचं मशीन आहे. शेंगदाण्याएवढा माझा जीव, पण निवांतपणा म्हणून मला ठाऊक नाही. नको ते आवाज तुम्ही सहज गाळून टाकता. मला ते साधत नाही. चमचा पडो, खुर्ची सरको, कुणी नाक ओढो, मी सगळंच घाईघाईनं आत ढकलतो.

मित्रांनो, मऊ लगद्यानं एका आईच्या डाव्या कानाचा ठसा घेतला आणि त्यावरून मला घडवलं. ती शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. शिलाई मशीनच्या खडखडाटात तिचे कान गेले होते. मी पहिल्यांदा कानात बसलो तेव्हा ती लेकीला म्हणाली, "आयुष्यभर मी मशीनवर बसले, आता मशीन माझ्यावर बसलंय!" सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मग मी टोचू लागलो, आणि कधी फ्रिजवर, कधी चष्म्याच्या घरात पडून राहू लागलो.

तिच्या सत्तराव्या वाढदिवसाला लेकीनं बेत आखला. दोन दिवस आगगाडीनं फिरायचं आणि उतरू त्या गावच्या पबमध्ये बसून वाजवणाऱ्यांना ऐकायचं. आईला वाद्यांचं भारी वेड, पण कारखाना आणि घर यांतून ते कधी जमलंच नव्हतं. बेत आनंदाचा होता, तरी लेकीचा पाय एका जागी ठरेना. डॉक्टरांनी एक गोष्ट फक्त तिलाच सांगितली होती, आणि ती आईला कशी सांगावी हे तिला कळत नव्हतं.

पहिल्या पबमध्ये पेल्यांची किणकिण, हसणं आणि व्हायोलिन मी सगळं एकात एक कालवून टाकलं.

"ऐकू येतंय ना गं?" लेक ओरडली.

"येतंय की. तू गप्प बसलीस तर आणखी येईल."

आईनं बिअरचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं, पण पेला काही सोडला नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "पाय भरून आलेत गं. उद्या पुढच्या गावी मी खोलीवरच पडते."

दुसऱ्या दिवशी गाडीत तिनं डोळे मिटले आणि मला बंद करायला कानाशी हात नेला. बोट घसरलं. मी चालूच राहिलो. ती पुन्हा हात नेणार, तोच गाडी एका लहानशा स्टेशनात थांबली. सगळं शांत झालं. आई आता ऐकत नाही असं समजून लेक खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आई, पुढच्या वाढदिवसाला तू नसशील गं. डॉक्टर म्हणाले. मला तुझ्या तोंडावर नाही सांगता येत."

ते शब्द मी आत नेले. परत आणायची सोय माझ्यात नव्हती. आईनं डोळे उघडले नाहीत. फक्त मांडीवरचा तिचा हात, सुईखाली कापड सरकवावं तसा, पुढेपुढे सरकू लागला.

पुढच्या गावी ती लेकीच्या आधी खाली उतरली.

"चल की! आज कुठंकुठं वाजवतात?"

"अगं, तुझे पाय?"

"पायांना काय विचारतेस? ते थोडेच ऐकणार आहेत!"

एका पबमधून दुसऱ्या पबमध्ये ती लेकीला ओढत राहिली. ड्रमवाल्याच्या अगदी पुढ्यात बसली. अकॉर्डियनवाल्याला म्हणाली, "बाबा, तेच परत वाजव." आणि वाजवणं संपेपर्यंत लेकीचा हात तिनं घट्ट धरून ठेवला.

"हिच्यात मोटर कुणी बसवली?" लेक हसत म्हणाली. तिला वाटलं, ही सगळी गाण्याची जादू.

पुढचा वाढदिवस आलाच नाही. मी ड्रॉवरमध्ये गेलो. एक दिवस लेकीनं मला बाहेर काढलं, नवी बॅटरी घातली, मुठीत धरलं आणि विचारलं, "तिला कळलं होतं का रे?" मुठीत धरलं की माझ्यासारखी यंत्रं नुसती शीळ घालतात. मीही तेवढंच करू शकलो. तिनं बॅटरी काढली.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल तर त्याला पुसून कोरडं ठेवा. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी बोलताना समोर या, उजेडात बसा, सावकाश बोला. कठीण असेल ते तर मुद्दाम असंच बोला. त्या माणसालाही काही म्हणायचं असतं.