माशांच्या पाण्यावरचा पालक

ईरप्पाच्या घरामागं सिमेंटचा हौद होता आणि त्या हौदात मासे होते. आता लिंगायताच्या घरात मासे, आणि तेही सात रस्ता चौकात विभूती-रुद्राक्ष विकणाऱ्याच्या! गल्लीला कळलं असतं तर काय झालं असतं, विचारूच नका. म्हणून परसदाराला कायम आतून कडी असायची.

मासे आणले होते गुरप्पानं, एकुलत्या एका पोरानं. बहात्तरच्या दुष्काळात नळाला चार-चार दिवसांनी पाणी यायचं. आई सिद्धम्मा परसातली भाजी वाळताना बघून हळहळायची. तेव्हा कॉलेजात शिकणाऱ्या ह्या पठ्ठ्यानं हौदात रोहूची बोटाएवढी पिल्लं सोडली, काठावर पत्र्याची लांब पन्हळ बसवली, तिच्यात बारीक खडी भरली आणि खडीत पालक लावला. हौदातलं पाणी बादलीनं पन्हळीत ओतायचं, ते खडीतून झिरपत पुन्हा हौदात पडायचं.

"अप्पा, माशांची घाण पालक खातो, आन् पालकानं निवळलेलं पाणी माशांना मिळतंय. एक थेंब वाया न्हाय की!"

आणि खरंच, गल्लीत हिरवं पान दिसत नव्हतं तेव्हा ह्यांच्याकडं पालक माजला होता. तिथवर ईरप्पानं सोसलं. पण पुढच्या वर्षी पोरानं नोकरीच धरली मत्स्यखात्यात, लांब तिकडं भंडाऱ्याला. मग मात्र ईरप्पाचं डोकं फिरलं.

"मासेवाला झालास व्हय? उद्या अय्या आपल्या दारात पाय ठेवतील काय? नोकरी सोड, न्हायतर हे घर सोड!"

अय्या म्हणजे शिवयोगी स्वामी, घराण्याचे जंगम, म्हणजे गुरू. दर श्रावणात एका सोमवारी त्यांची पाद्यपूजा व्हायची, मग जेवण. गुरप्पानं पिशवी उचलली. घरातून निघताना माणूस 'येतो' म्हणतो. हा 'जातो' म्हणाला, आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पन्हळीत पाणी कोण ओतणार? मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागले. ईरप्पानं थोडा वेळ बघितलं, मग धोतर खोचलं आणि बादली उचलली. त्या दिवसापासून रोज चाळीस बादल्या. "भाजी वाळंल म्हणून ओततो," असं तो बायकोला सांगायचा. भाजीचं कसलं घेऊन बसलात! पोराच्या हातचं एवढंच उरलं होतं, आणि ते मेलं असतं तर ईरप्पाला श्वास घेता आला नसता.

बादली ओतताना त्याला काहीबाही आठवायचं. गुरप्पा पहिलीत होता तेव्हाची गोष्ट. मास्तरांनी विचारलं, "बा म्हणजे कोण?" घरात कन्नड बोलणारं लेकरू ते, ठणकावून म्हणालं, "बा म्हणजे ये!" मराठीतला बा म्हणजे बाप, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सगळा वर्ग हसला. पोर रडत घरी आलं, आणि ईरप्पा त्याला दारातूनच हाका मारायला लागला, "बा, बा, माझ्या राजा, बा!"

तीन वर्षं झाली. आईला महिन्याला कार्ड यायचं, आणि शेवटची ओळ ठरलेली: अप्पांनी बोलावल्याशिवाय मी येणार नाही. ईरप्पा कितीदा तरी लिहायला बसला. दर वेळी अय्यांचा चेहरा डोळ्यांपुढं यायचा आणि पेन खाली ठेवावं लागायचं.

ह्या श्रावणातही अय्या आले. पाद्यपूजा झाली, ताट वाढलं गेलं. हुग्गी म्हणजे गव्हाची खीर, कडक भाकरी, शेंगाची चटणी, आणि पालकाची पातळ भाजी. अय्यांसाठी भाजी नेहमी मंडईतून यायची, आणि हा पालक तर परसातला! ईरप्पानं बायकोकडं बघितलं. ती खाली मान घालून चटणी वाढत होती. मुद्दाम केलं होतं तिनं.

"सिद्धम्मा, पालक लई गोड हाय," अय्या म्हणाले. "कुटनं आणला?"

तिनं नवऱ्याकडं बघितलं. 'मंडईतनं' एवढाच शब्द ईरप्पाच्या ओठावर आला होता. पण तो बोलला असता, तर पोराला दुसऱ्यांदा घराबाहेर काढल्यासारखं झालं असतं. ते त्याच्यानं होईना.

"अय्या, चूक झाली," तो हात जोडून म्हणाला. "माझ्या पोरानं लावलेला हाय. माशाच्या पाण्यावर." मग हौद, पन्हळ, नोकरी, भांडण, सगळं भडाभडा सांगून टाकलं.

अय्यांनी घास खाली ठेवला.

"मासा हौदात हाय का ताटात?"

"हौदात, अय्या."

"मग राहू दे की तितं. पोरगं कुटं हाय?"

"तुमी घरात पाय ठेवणार न्हाय म्हणून मीच..."

"मी?" अय्यांचा आवाज चढला. "मला इचारलं होतंस व्हय? तीन वरसं माझ्या नावावर लेकराला आईपासनं तोडलंस! सिद्धम्मा, भाजी वाढ."

सिद्धम्मानं भाजी वाढली आणि पदरात तोंड लपवून ती तिथंच रडायला लागली. ईरप्पाला रडूही येईना. कुणी न घातलेल्या बंदीपायी त्यानं तीन वर्षं घालवली होती.

दुपारी तो पोस्टात गेला, कार्ड घेतलं, लिहिलं आणि पत्ता नीट आहे का बघायला खिडकीतल्या रावजीकडं दिलं. रावजीनं कार्ड उलटसुलट केलं.

"अहो ईरप्पा, पत्ता बरोबर हाय. पण मागं नुसतं 'बा'? सही तेवढी केलीत, मजकूर राहिला की!"

"न्हाय," ईरप्पा म्हणाला, आणि आता कुठं त्याचे डोळे भरून आले. "मजकूर त्योच हाय. सही करायची राहिली असंल."