रोसारिओच्या नावावर चारशे नव्वद

पाच बर्नरची, नव्वद सेंटिमीटर रुंद शेगडी घरात आली तर आपल्या पदरात काय काय पडेल, हे अस्सुंताने आधीच मोजून ठेवलं होतं. नातीच्या बाप्तिस्म्याचं जेवण तिच्या घरी होणार. बेचाळीस माणसं, तिच्या अंगणात, तिच्या ताटांत. खालच्या ओव्हनमध्ये मोठा ट्रे आडवा जाणार. आणि सगळ्यांत चवीचं म्हणजे नणंद तेरेझिना स्वयंपाकघरात येऊन विचारणार, "कितीला घेतलीस गं?" त्यावर अस्सुंता म्हणणार, "आता आठवत नाही बाई."

गेल्या नाताळात तिच्या लझान्याचा ट्रे जुन्या ओव्हनमधून चार बोटं बाहेर राहिला होता. तो फॉइलने झाकून, भर दुपारी सगळ्या गल्लीदेखत, समोर तेरेझिनाकडे न्यावा लागला. तेरेझिनाने आपल्या ओव्हनचं दार उघडून धरलं आणि म्हणाली, "ठेव गं, इथे दोन मावतात." ते 'दोन' अस्सुंताच्या घशात ईस्टरपर्यंत अडकून होतं.

नवरा रोसारिओ जन्मभर मेलबर्नच्या लोकांच्या न्हाणीघरांत फरश्या बसवून निवृत्त झालेला. त्याने आकडा सांगून टाकला होता, "चोवीसशे डॉलर. वर एक सेंट नाही. टोमॅटो लहान शेगडीवरही लालच शिजतो."

तीन आठवडे अस्सुंता दुकानं हिंडली, आणि तेही तो ट्रे पिशवीत घालून. एका शेगडीची बटणं सोन्यासारखी, पण वरून रुंद आणि आतून अरुंद. एक स्वस्त, पण तिच्या जाळ्या इतक्या हलक्या की मोठं पातेलं ठेवलं तर डुलेल. एकीत ट्रे लोण्यासारखा गेला, तर किंमत चार हजार दोनशे. दुकानातली पोरं एकमेकांना खुणावून हसायची. अस्सुंताला हसण्याचं काही नव्हतं, ट्रेचं होतं.

शेवटी थॉमसटाऊनच्या कारखान्यांमागे, पोचे आलेला माल विकणाऱ्या एका गोदामात तिला हवी ती सापडली. जाड बिडाच्या जाळ्या, मधोमध मोठा बर्नर. पोचा डाव्या अंगाला, म्हणजे कपाटाच्या बाजूला दडणारा. ट्रे आत गेला आणि वर दोन बोटं जागा उरली. किंमत दोन हजार आठशे नव्वद.

मालक साठीचा, करड्या कोटातला, कानावर पेन्सिल, इंग्रजी अगदी इथल्यासारखं सपाट. अस्सुंताने पोच्यावर बोट ठेवलं.

"त्याचे हजार आधीच उतरवलेत," मालक म्हणाला.

"रोख देते."

"रोख सगळेच देतात, बाई."

आता हातात काही उरलं नव्हतं. आणि पुढचं वाक्य तिच्या तोंडून कसं निघालं, ते तिला नंतरही नीट सांगता आलं नाही.

"माझा नवरा गेला हो. मंगळवारी. घरात माणसं येतायत, आणि शेगडी ही एवढीशी."

मालकाने कानावरची पेन्सिल काढली. मग इंग्रजी सोडून, पुस्तकी इटालियनही नव्हे, थेट दक्षिण इटलीतल्या कालाब्रियाच्या डोंगरातल्या बोलीत तो म्हणाला, "ताई, देव तुम्हाला बळ देवो. मी वेशिओ. तुमच्या बोलण्यावरून वाटतं, आपली गावं दोन टेकड्यांच्या अंतरावर असतील."

खरं बोलून मोकळं व्हायची हीच वेळ होती. अस्सुंताने त्याच्याकडे पाहिलं. मग शेगडीकडे पाहिलं. म्हणाली, "आभारी आहे."

जवळ किती आहेत ते विचारून वेशिओने आकडा खोडला आणि चोवीसशे लिहिले. पोचवण्याचे पैसे घेतले नाहीत. "शनिवारी मी स्वतः येतो," म्हणाला.

ट्रे ओव्हनमध्येच राहिला, हे तिला बसमध्ये बसल्यावर आठवलं. आणि त्यामागोमाग दुसरी गोष्ट आठवली, तेव्हा तिचे कान तापले. त्यांच्या गावांकडे सुतकाच्या घरात आठ दिवस चूल पेटत नाही. शेजारीपाजारी शिजवून आणून घालतात. तिने स्वतः अशा कितीतरी घरी पातेली वाहिली होती. ही थाप इथल्या एखाद्या गोऱ्या दुकानदाराला चालली असती. आपल्या माणसाला सांगायची तर, नवरा मेला म्हणून शेगडी घ्यायला आले, हे कोणत्या तोंडाने? आणि अंगात पिवळ्या फुलांचं ब्लाउज.

शनिवारी तिने रोसारिओला सकाळीच क्लबात पत्ते खेळायला पिटाळायचा प्रयत्न केला. तो हलेना. "माझे चोवीसशे कसे दिसतात ते बघू तरी दे."

ट्रक दाराशी थांबला. वेशिओ उतरला, तो काळा टाय लावून. दुसऱ्या दाराने काळ्या कपड्यांतली एक बाई गुडघा सांभाळत उतरली. तिच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं मोठं पातेलं होतं. दार रोसारिओने उघडलं.

"फार वाईट झालं," वेशिओ त्याचा हात हातात घेऊन म्हणाला. "तुम्ही त्यांचे भाऊ का?"

रोसारिओने वळून बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. एकेचाळीस वर्षांच्या संसारात तो चेहरा त्याला वाचता येत होता.

"हो," तो म्हणाला. "धाकटा."

दोघांनी मिळून शेगडी आत ढकलली. आपल्याच सुतकात रोसारिओने भावासारखा जोर लावला. वेशिओची बायको नात्सारेना हिने पातेलं टेबलावर ठेवलं. कोंबडीचं सूप, त्यात मांसाचे बारीक गोळे. मग वेशिओने ट्रकमधून अस्सुंताचा तो ट्रे आणला. नात्सारेनाने त्यात काठोकाठ पास्ता भाजून दिला होता.

"रिकामा कसा पाठवायचा?" ती म्हणाली. "गॅस जोडणारा सोमवारी येईल, पण तुम्हाला आठ दिवस तो लागायचा नाही. आम्ही चौघी बायका पाळीने आणू. मी तर यांना म्हटलं, नवरा जाऊन चार दिवस नाहीत आणि बाई शेगडी घ्यायला कशी जाईल? तर माझ्यावरच डाफरले. म्हणाले, दुःखात माणसाचे पाय कुठेही जातात."

अस्सुंता खुर्चीच्या कडेला बसली.

"कसे होते हो स्वभावाने?" नात्सारेनाने मायेने विचारलं.

"कंजूष होते," अस्सुंता म्हणाली.

"हिशेबी," धाकटा भाऊ म्हणाला.

"हिशेबी होते. आणि थंडीत माझ्याआधी उठून कॉफी ठेवायचे. रोज. मी कधी म्हटलं नाही, की ठेवा म्हणून." तिचा आवाज फाटला. ती रडतेय असं वाटून नात्सारेनाने तिच्या पाठीवर हात ठेवला. रोसारिओ शेगडीची बटणं बघत राहिला.

"पुढच्या रविवारी दहाच्या मिस्सात त्यांच्यासाठी प्रार्थना सांगून ठेवलीय मी, सेंट क्लेअर चर्चात," नात्सारेना म्हणाली. "फादरना फक्त नाव द्यायचं राहिलंय. काय नाव होतं?"

पुढच्या रविवारी दहाला, त्याच चर्चात, तिच्या नातीचा बाप्तिस्मा होता. पण तेही अस्सुंताच्या लक्षात नंतर आलं. नात्सारेनाने पर्समधून चिठ्ठी काढली, पेन काढलं आणि वाट पाहू लागली. मेलेल्यांच्या यादीत ते नाव आपल्या तोंडून जाणार, एवढंच अस्सुंताला दिसत होतं.

"हाच तो," ती म्हणाली. "माझा नवरा. जिवंत आहे. किमतीसाठी खोटं बोलले मी."

पेन कागदावर तसंच राहिलं. वेशिओने टाय सोडला, घडी घातली, खिशात ठेवला. अस्सुंता उठली, बाप्तिस्म्याला वाटायच्या साखरेच्या बदामांसाठी जमवलेल्या पैशांचा डबा काढला आणि चारशे नव्वद मोजून त्याच्यापुढे धरले.

"ते मी मेलेल्या माणसासाठी सोडले होते," वेशिओ म्हणाला. "जिवंत माणसाकडून कसे घेऊ?"

नात्सारेना कष्टाने उठली. "मिस्साला माझ्या आईचं नाव देते," ती म्हणाली. "ट्रे तुमचाच आहे. पातेलं तेवढं परत द्या."

ट्रक गेल्यावर रोसारिओने दोन ताटल्या काढल्या, सूप वाढलं आणि खायला बसला.

"चारशे नव्वद," तो म्हणाला. "मला वाटायचं, मी हजाराला तरी जाईन."

ती हसली नाही.

"खा. माझ्यासाठी केलंय, मी सांगतोय. मीठ बरोबर आहे."

तिने दोन घास गिळले, मग उठून तेरेझिनाला फोन लावला. "बाप्तिस्म्याचं जेवण तुझ्याकडे ठेव."

"का गं? शेगडी आली नाही?"

"आली."

"मग?"

"आठ दिवस पेटवायची नाही." तेरेझिनाने पुढचं काही विचारायच्या आत तिने फोन ठेवला.

शेगडीचे चोवीसशे रोसारिओचे होते. चारशे नव्वद आणि ट्रकचं डिझेल वेशिओचं. दोन कोंबड्या, चार अंडी, रात्रभर सुजलेला गुडघा आणि मिस्सासाठी चर्चात भरलेले पंधरा डॉलर नात्सारेनाचे. मेला तोही रोसारिओच. अस्सुंताच्या नावापुढे अजून काही पडलं नव्हतं. तिने पातेलं दोनदा घासलं, पुसून टॉवेलात गुंडाळलं आणि दाराशी ठेवलं. रोसारिओ म्हणाला, मी देऊन येतो. ती नको म्हणाली, आणि फुलांचं ब्लाउज बदलायला आत गेली.