बासष्ट ग्रॅम

मित्रांनो, मी एक जुनं पिस्तूल आहे, पण घाबरू नका. मी स्पर्धेतलं पिस्तूल. पुठ्ठ्याची लक्ष्यं आणि पोलादी प्लेटा, एवढ्यांशीच माझं वैर. आयुष्यात मी कुणाला साधं खरचटवलंसुद्धा नाही. तेव्हा माझ्या गोष्टीत शौर्य वगैरे शोधायला जाऊ नका. माझं वजन बासष्ट ग्रॅम जास्त भरलं आणि त्यापायी एका घरात चार महिने काय चाललं होतं, एवढंच मला सांगायचं आहे.

माझा जन्म कारखान्यातला. पोलादाच्या ठोकळ्यातून मला कोरून काढलं, कुणीतरी चार गोळ्या झाडून तपासलं, अंगावर नंबर ठोकला आणि खोक्यात घातलं. त्या दिवशी माझ्यासारखी आणखी चाळीस निघाली, त्यामुळे बालपणाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. मला स्वभाव आला तो माणसांत आल्यावर.

मला विकत घेतलं एका टर्नरने. टर्नर म्हणजे लेथवर धातू कातणारा कारागीर. त्याच्या लेकीला नेमबाजीचा नाद लागला होता. ती तेव्हा एकोणीस वर्षांची, हात लहान, बोटं आखूड. माझी कारखान्यातली मूठ तिच्या हातात मावेना. बापाने ओल्या मातीत तिच्या मुठीचा ठसा घेतला आणि महिनाभर संध्याकाळी बसून पितळेच्या दोन पट्ट्या घडवल्या. मुठीच्या दोन बाजूंना स्क्रूने बसवतात त्या पट्ट्यांना ग्रिप म्हणतात. त्या इतक्या बेतशीर होत्या की तिने हात लावला की बोटं आपोआप जागेवर जाऊन बसत.

एवढ्यावर तो थांबला असता तर टर्नर कसला? गोळ्या भरलेली मॅगझिन पटकन आत सरकावी म्हणून मुठीच्या तळाला त्याने पितळेचं नरसाळं बसवलं. मॅगझिनच्या बुडाला पितळ लावलं. आतल्या स्प्रिंगची सळीही जाड घातली. जड पिस्तूल गोळी सुटल्यावर कमी उसळतं, असं त्याचं म्हणणं होतं आणि ते खरंच आहे. मी अंगाने भारी झालो आणि स्वभावाने थंड.

पुढची बावीस वर्षं मी इमानेइतबारे काम केलं. लेक दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायला लागली आणि सुट्टीच्या दिवशी मला घेऊन रेंजवर जायची. कपाटावर पेले जमा झाले. लोक तिचं कौतुक करायचे, कधीकधी माझंही. एवढं असूनही मोठ्या संघात तिची निवड कधी झाली नव्हती, आणि तेवढी एक गोष्ट तिच्या मनात घर करून होती.

मला साफ करायचं काम मात्र बापाचं. दर रविवारी न्याहारी झाली की तो टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरायचा, मला सुटं करायचा आणि काडीच्या टोकाने तेलाचा एकेक थेंब ठेवायचा. लेक समोर चहा घेऊन बसायची. दोघंही तशी अबोल माणसं. आठवडाभर त्यांचं बोलणं 'जेवलात का' आणि 'दिवा बंद कर' याच्या पलीकडे जात नसे, पण त्या तासाभरात मात्र गप्पा व्हायच्या. अलीकडे दोन वर्षं बापाचे हात थरथरायला लागले होते. शेवटची बारीक पिन बसवताना एकदोनदा तरी ती हातून सुटायचीच. तो ती शोधून परत बसवायचा आणि लेक तेवढा वेळ चहाच्या कपात बघत राहायची.

मग नेमबाजी संघटनेचा नवा नियम आला. आमच्या गटात यापुढे पिस्तुलाचं वजन रिकाम्या मॅगझिनसकट बाराशे पंचाहत्तर ग्रॅमच्या वर चालणार नाही. ज्याचं जास्त भरेल त्याची रवानगी खुल्या गटात. तिथली पिस्तुलं डोक्यावर लाल ठिपक्याच्या दुर्बिणी मिरवणारी. तिथे आमची डाळ शिजली नसती. आणि चारच महिन्यांवर संघाची निवड होती, आमच्या गटातून पाच जणांची.

लेक मला पिस्तुलं दुरुस्त करणाऱ्या उस्तादाकडे घेऊन गेली. त्याने मला काट्यावर ठेवलं. तेराशे सदतीस. म्हणजे बासष्ट ग्रॅम जास्त. माझ्या पोलादाला भोकं पाडायला नियमाची बंदी होती. उपाय एकच आणि तोही सोपा: पितळेच्या ग्रिप भरत होत्या एकशे अठरा ग्रॅम, ॲल्युमिनियमच्या भरतात छत्तीस. चार स्क्रू फिरवले की काम फत्ते. उस्तादाने तोंड उघडलं, तोच लेक म्हणाली, "ग्रिपला हात लावायचा नाही. बाबांनी केल्यात."

उस्तादाने उघडलेलं तोंड मिटलं आणि बाकीच्या अवयवांकडे मोर्चा वळवला. नरसाळं काढलं, चोवीस ग्रॅम गेले. सळी प्लास्टिकची घातली, सतरा गेले. मॅगझिनचं बूड बदललं, आणखी बारा. आता उरले फक्त नऊ, आणि काढण्यासारखं काही शिल्लक राहिलं नाही.

मित्रांनो, आता जी चूक झाली ती कवळ्या बनवणारी बाईच करू जाणे. जेवणाच्या सुट्टीत तिने माझ्या ग्रिप प्रयोगशाळेत नेल्या, भिंगाखाली धरल्या आणि दात कोरायच्या बारीक यंत्राने आतल्या बाजूने पोखरल्या. बाहेरून जशाच्या तशा, आतून पोकळ. अकरा ग्रॅम पितळेचा भुसा निघाला. घरच्या काट्यावर मी बाराशे त्र्याहत्तर भरलो आणि ती निश्चिंत झाली. मला दुखलं का? नाही. ते पितळ माझं नव्हतं.

पण रविवार आला आणि पंचाईत झाली. बाप ग्रिप काढणार, उलटी करणार, आणि मग? लेक घाईघाईने म्हणाली, आता मीच साफ करत जाईन, तुम्ही आराम करा. बापाने स्वतःच्या हातांकडे एकदा पाहिलं, ते टेबलाखाली घेतले आणि 'बरं' म्हणाला. त्यानंतर दर रविवारी न्याहारी झाली की तो चपला घालून फिरायला निघून जायचा. तिला वाटलं, सुंठेवाचून खोकला गेला. मी टेबलावर सुटा पडलेलो, मला सगळं दिसत होतं. घरात भांडण नव्हतं, पण तासभराच्या गप्पा मात्र गेल्या त्या गेल्या.

निवडीच्या दिवशी बाप नेहमीसारखा सोबत आला. पंचांनी मला काट्यावर ठेवलं. बाराशे एकोणऐंशी. लेकीचा चेहरा उतरला. एक तर पंचांचा काटा आणि घरचा काटा यांचं पटलं नाही, आणि दुसरं म्हणजे तिला तेलाचा अंदाज अजून आला नव्हता; सकाळी तिने मला चांगलं न्हाऊ घातलं होतं. पंच म्हणाले, वजनाची वेळ संपायला वीस मिनिटं आहेत, काय करायचं ते करा.

पिस्तूल उघडायला वेगळं टेबल असतं, तिथे गोळ्या आणायला बंदी असते. तिने मला तिथे नेलं, फडक्याने कोरडं केलं आणि परत काट्यावर चढवलं. बाराशे शहात्तर. एक ग्रॅम! ती मला घेऊन टेबलाशी परत आली आणि हातात फडकं धरून नुसती उभी राहिली.

बाप पुढे झाला. त्याने खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि थरथरत्या हातांनी माझ्या ग्रिप उतरवल्या. उतरवताना एक उलटी झाली. आतली पोखरण बघून तो थांबला.

"हे तू केलंस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही," ती म्हणाली.

"मला वाटलं, हात थरथरतात म्हणून पिस्तूल माझ्याकडून काढून घेतलंस."

बापाने दुसऱ्या खिशातून कागदाची पुडी काढली. आत ॲल्युमिनियमच्या दोन ग्रिप होत्या. नियम आला त्याच आठवड्यात त्याने उस्तादाकडून आणल्या होत्या. लेक आपणहून मागेल म्हणून तो चार महिने त्या खिशात घेऊन फिरत होता. त्या बसवल्या आणि मी बाराशे पाच भरलो. सत्तर ग्रॅम कमी! एवढी सगळी काटछाट फुकट गेली होती.

खरं सांगायचं तर त्या दिवशी मी तिला परका वाटलो. बोटं जागा शोधत राहिली. पहिल्याच फेरीत तीन प्लेटा न पडता उभ्याच राहिल्या, दुसऱ्या फेरीत एक. चौथ्या फेरीपासून आमचं जमलं आणि शेवटच्या दोन फेऱ्यांत तिच्या पुढे कुणी नव्हतं. पण बूंद से गई वो हौद से नहीं आती, तशातली गत. ती सहावी आली. निवड पाच जणांची होती. मला वाईट वाटलं. थंड स्वभावाच्यालाही वाटतं.

परतताना ती म्हणाली, "चार महिने या ग्रिपवर सराव झाला असता तर मी आज संघात असते."

"असतीस," बाप म्हणाला. त्याने तिची समजूत घातली नाही. मग थोड्या वेळाने तो म्हणाला की यात अर्धी चूक तिची, अर्धी त्याची, आणि थोडी त्या उस्तादाचीही, कारण त्या लबाडाला दोन्हीकडचं माहीत होतं.

पुढच्या रविवारी लेकीने स्वतः वर्तमानपत्र पसरलं आणि मला बापापुढे ठेवलं. त्याने मला सुटं केलं, पुसलं, थेंब थेंब तेल दिलं. मध्येच त्याने ती पोखरलेली ग्रिप उचलून उजेडात धरली आणि काम सफाईदार आहे पण कड फार पातळ ठेवलीस, असं सांगितलं. शेवटी पिन आली. ती हातून सुटली आणि घरंगळत लेकीच्या कपाशी गेली. या वेळी तिने कपात पाहिलं नाही.

"बाबा, तुमचा हात थरथरतो," ती म्हणाली. "पिन मी धरते, तुम्ही वरून दाबा."

त्याने खुर्ची तिच्याजवळ ओढली. "धर," तो म्हणाला.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंची निगा राखा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. माझ्यापुरतं म्हणाल तर तेलाचे चार थेंब आणि कोरडं फडकं, एवढ्यावर मी आणखी वीस वर्षं काढीन. पण तुमच्या घरातही कुणाचा तरी हात थरथरत असेल. तुम्हाला ते दिसतं आणि तुम्हाला दिसतं हे त्यालाही कळतं. दुसरीकडे बघू नका. त्याच्याशी बोला आणि पिन धरा.