चंद्राच्या राणीचा आवाज

"पाट्या सरल्या की आप्पा. आईचं नाव आलंच न्हाय," थेटरच्या अंधारात पवित्रा बापाच्या कानाशी कुजबुजली.

"ईल. शेवटाला ईल," बाळाप्पा म्हणाला.

तीस वर्षांपूर्वी कोल्हापुरात चंद्रावरचा एक चित्रपट निघाला होता. बाळाप्पा तेव्हा स्टुडिओत सुतार. बिद्रीच्या साखर कारखान्याची राख पसरून त्यानं चंद्र उभा केला आणि लोकांनी तो खरा मानला. चंद्राच्या राणीला कुणाला न कळणारी भाषा हवी होती. जेवणाचा डबा घेऊन आलेल्या चन्नम्माला, म्हणजे त्याच्या बायकोला, डायरेक्टरांनी माइकपुढं उभं केलं. म्हणाले, काय वाट्टेल ते बोल. ती बावचळली, नवऱ्याकडं बघून कानडीत म्हणाली, "ऊटा आतेन री?" जेवण झालं का? तेच चित्रपटात राहिलं. कानडी कळणारी सीमेकडची माणसं थेटरात पोट धरून हसायची आणि तरी डोळे पुसत बाहेर पडायची.

पवित्राच्या जन्माच्या वेळी चन्नम्मा गेली. पुढं चित्रपटाच्या प्रतीही कुठं कुठं सडून संपल्या. उरली राणीच्या आवाजाची एक ध्वनिफीत, बाळाप्पाच्या ट्रंकेत. ती वाजवायचं यंत्र गावात उरलं नव्हतं. मग २००३ साली तोच चित्रपट नव्यानं काढणारी मुंबईची माणसं दारात आली. "आजोबा, राणीचा आवाज हाच ठेवणार," म्हणाली. भोळा माणूस, आहे ती एकुलती एक फीत देऊन बसला. आईचा आवाज ऐकायचा म्हणून सव्विशीतली पवित्रा वर्षभर दिवस मोजत होती.

आणि काय तो नवा चित्रपट! कॉम्प्युटरचा चंद्र नुकत्याच पुसलेल्या फरशीसारखा चकचकीत. शास्त्रज्ञ म्हणवणारा गडी यानात सहा पोरींबरोबर नाचतोय. राणीचा अजून पत्ताच नाही. बाळाप्पाला बसवेना. मध्यंतरात त्यानं समोरच्या बूथवरून मुंबईला फोन लावला.

"ती फीत होय? बुरशी लागली होती हो. वाजलीच नाही, टाकून दिली," पलीकडचा म्हणाला. "तुम्हाला कळवायचं राहिलं वाटतं."

परत येऊन तो खुर्चीत बसला. सांगून टाकायचं, असं त्यानं ठरवलं होतं. "पवे," म्हणाला, तोच दिवे मालवले आणि राणी पडद्यावर आली. कुणा मुंबईच्या पोरीनं साखरेत घोळवल्यासारखं काहीबाही म्हटलं. कानडी नव्हतं, काहीच नव्हतं. पण मराठी आत्याकडं वाढलेल्या पवित्राला कानडी कुठं ठाऊक? तिनं बापाचा हात घट्ट धरला. ती रडत होती.

"ह्योच न्हवं, आप्पा?"

बाळाप्पानं तिचा हात थोपटला.

"व्हय," तो म्हणाला.

"किती बारीक हुता की आईचा आवाज."

दुसऱ्या दिवशी पवित्रा मैत्रिणीला घेऊन पुन्हा गेली. रविवारी सासूला घेऊन गेली. बाळाप्पानं गुडघ्याचं निमित्त सांगितलं. शिवाजी पेठेतल्या खोलीत डोळे मिटून तो चन्नम्माचा जाड, घोगरा आवाज आठवत बसला. पुष्कळ वेळ बसला. चन्नम्मा तोंड उघडायची, आणि बोलायची ती मुंबईची पोरगी.