चोराचा शनिवार

मला कोणी गप्प बस म्हटलं की माझं डोकंच फिरतं. आमच्या कोळीवाड्यात सगळ्यात मोठा आवाज माझा, ऑफिसातही माझाच. तरी तिथल्याच त्र्यंबकने खेळात मला चोर केलं.

ही त्र्याण्णव सालची गोष्ट. त्र्यंबकच्या भावाने अमेरिकेहून एक खेळ पाठवलेला. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातलं एकेक माणूस व्हायचं, आणि वार लागला की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. शनिवारी ऑफिस अर्धा दिवस, मग आम्ही तिघं नौपाड्यात त्र्यंबकच्या घरी. गोष्ट तो सांगायचा. आमच्याच ऑफिसातला दामाजी झाला लढवय्या. रोज तालमीत जाणारा माणूस, त्याला दुसरं काय देणार? उरला चोर, तो पडला माझ्या गळ्यात.

चोराने कुलपं उघडायची आणि बाहेर कंदील धरून उभं राहायचं, असं दामाजीचं मत. चार शनिवार मी कंदीलच धरला. पाचव्या शनिवारी गुहेत ड्रॅगन निघाला, त्याने दामाजीला चांगला भाजून काढला, आणि ह्याने खापर फोडलं माझ्यावर.

"सगुणा, आज हा ड्रॅगन पडला नाही ना, तर पुढच्या वेळेपासून तुझ्या जागी दुसरा लढवय्या घेणार. आपला तालमीतला गणू तयार आहे."

मला खरंच रडू येत होतं. आठवडाभर मी त्या दुपारची वाट बघायचे. पण रडायच्या ऐवजी मी भडकले.

"अरे, वारही तूच करतोस, मारही तूच खातोस. आमचा बापूस खाडीत काठीने पाणी बडवतो, तेव्हा तो मासे धरतो काय? मासे पळतात पलीकडे. तिथे आईस जाळं धरून गप्प उभी असते. आज तू नुसतं पाणी बडव."

"म्हणजे मी वार करायचाच नाही?"

"नाही. ढाल वाजव. त्याचं तोंड तुझ्याकडे, पाठ माझ्याकडे."

त्र्यंबकने पुस्तक चाळलं. "चोराने लपून पाठीत वार केला तर तिप्पट लागतो. पण फासा चौदाच्या वर पडायला हवा."

"माझी ताकद तीनच उरलीय," दामाजी म्हणाला. "तुझा फासा चुकला तर मी मेलो."

तरी तो उठला. स्वयंपाकघरातून परात आणली आणि झाऱ्याने अशी बडवली की खालच्या मजल्यावरच्या विमलाबाई धावत वर आल्या. मी एक शब्द बोलले नाही. फासा टाकला. सतरा.

"काय झालं रे?" विमलाबाईंनी दारातून विचारलं.

"ड्रॅगन मेला," त्र्यंबक म्हणाला.

"बरं झालं. आता ती परात ठेवा," म्हणून त्या खाली गेल्या.

दामाजी झारा हातात धरून तसाच उभा होता. "सगुणा, पुढच्या शनिवारी मी चोर होऊ?"

"आधी पाच मिनिटं गप्प बसून दाखव."

तो मांडी घालून बसला. मी घड्याळ धरलं. एक मिनिट होतंय तोच त्याने विचारलं, "झाली का पाच?"

गणूचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.