बोकेरावांचं काचघर

"वरची बाजू कुठली गं?"

काचघराच्या छपरावरून नवऱ्यानं विचारलं. ती शिडीच्या सहाव्या पायरीवर उभी होती. पॉलिकार्बोनेटचा, काचेसारख्या आरपार प्लास्टिकचा पत्रा तिनं आत्ताच त्याच्या हातात दिला होता. पत्र्याच्या एका अंगाला पांढरा कागद चिकटवलेला होता आणि त्यावर 'ही बाजू उन्हाकडे' अशी तळहाताएवढी निळी अक्षरं होती. ती अक्षरं त्याच्या नाकासमोर होती.

"अक्षरांची," ती म्हणाली. "ती वर."

"ते ठाऊक आहे मला. ऊन येतंय डोळ्यांवर."

ऊन त्याच्या पाठीवर होतं.

त्यानं पत्रा चाचपत खाचेत बसवला, रबराची पट्टी अंगठ्यानं दाबली, स्क्रू पिळले. हात अजून तसेच होते, न चुकणारे. पण हात छपरावर चालत नाहीत.

बागेतल्या त्या जुन्या काचघराच्या काचा बसवायचं काम एकतीस वर्षं त्याच्याकडे होतं. छपराला लोखंडी पट्ट्या, चार बोटं रुंद, पांढऱ्या रंगवलेल्या, आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये काचेचा एकेक खण. त्या पट्ट्यांवरून तो अनवाणी असा चालायचा की खालची माणसं हातातली झारी तशीच धरून बघत राहायची. थोरल्या माळ्यांनी त्याचं नाव बोका ठेवलं. केस पिकले तसा त्याचा मानानं बोकेराव झाला. लग्न झाल्यावर पहिल्यांदा डबा घेऊन ती इथं आली, तेव्हा आत हिरवा उजेड भरला होता, पानांवरून पाणी ठिबकत होतं आणि नवरा डोक्यावर आभाळात उभा राहून शीळ घालत होता. त्या दिवशी तिला भीती वाटली नव्हती. हा माणूस पडायचाच नाही असं तिनं तेव्हाच धरून टाकलं, आणि पुढे कितीतरी वर्षं निश्चिंत मनानं त्याच्यासाठी खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून काचा चिकटवायचं लुकण करून दिलं. त्या तेलाचा वास तिच्या बोटांना कायमचाच होता.

भीती सुरू झाली गेल्या वर्षी. तो टेबलावरून हात फिरवत चहाचा कप शोधायला लागला. एकदा दारात उभ्या असलेल्या तिच्या सख्ख्या भावाला त्यानं "कोण पाहिजे?" असं विचारलं आणि मग थट्टा केली म्हणून स्वतःच मोठ्यानं हसला. भाऊही हसला. तिला हसू आलं नाही. डॉक्टरांचं नाव काढलं की तो म्हणायचा, माझे पाय बघतात, डोळ्यांचं काय घेऊन बसलीस. तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बागेनं त्याला छपरावर चढू दिलं नसतं, आणि खाली बसून तो काय झाला असता ते तिला बघवलं नसतं. मग घरी करमत नाही असं सांगून ती त्याच्याबरोबर कामाला यायला लागली. स्क्रूंचा डबा कायम डावीकडे, रबराचं भेंडोळं उजवीकडे. जगाला वाटायचं, म्हातारपणी काय जोडी जमलीय.

यंदा गारा पडल्या आणि चाळीस काचा गेल्या. त्या मापाची काच आता कुणी करत नाही, म्हणून जिथली काच गेली तिथं पॉलिकार्बोनेट घालायचं ठरलं. बोक्याला ते मनापासून आवडलं नाही. काच टिचकी मारली की बोलते, हे मुकं आहे, असं त्याचं म्हणणं. पहिल्या दिवशी त्यानं काचेसारखेच अगदी नेटके, फटीशिवाय पत्रे कापून बसवले. दुपारी ऊन तापल्यावर ते फुगले आणि कमानीसारखे वर आले. थोरले माळी खालून म्हणाले, "बोकेराव, तुमच्या पत्र्यांना पोट सुटलं की." दुसऱ्या दिवशी त्यानं सगळे उतरवले आणि चहूबाजूंनी थोडी जागा सोडून पुन्हा कापले.

कागद मात्र तिनं ठेवायला लावला होता. पत्रा बसला की कागद सोलून काढायचा, असं दुकानदारानं सांगितलं होतं. पण ती घरात नव्या वस्तूचं वेष्टण महिनोन्‌महिने न काढणारी बाई. "ओरखडे पडतील," ती म्हणाली होती, "सगळं झालं की एकदम काढू." त्यानं मान डोलावली होती.

आता छत्तीस खण झाले होते. हातातला पत्रा संपवून बोका उठला आणि आढ्यापाशी ठेवलेली करवत आणायला वर निघाला. ती शिडीवरून बघत होती. दर पावलाआधी तो पायाचा अंगठा पुढे करून थांबायचा, मान थोडी तिरकी करून काहीतरी शोधायचा आणि मग पाय टाकायचा. काय शोधतो आहे ते तिला कळेना. मग आढ्याजवळ त्यानं उजवा पाय उचलला आणि एका नव्या पत्र्यावर धरला.

तेव्हा तिला कळलं. तो पांढरं शोधत होता. पांढरं ते लोखंड, बाकी सगळी काच, एवढ्यावरच तो कधीपासून चालत होता. आणि तिनं छत्तीस खण पांढरे करून ठेवले होते.

रबराच्या पट्टीवर बसलेला तो पत्रा माणसाचं वजन पेलणार नव्हता. तो खाचेतून सुटला असता आणि खाली दोन पुरुष अंतरावर दगडी हौदाची कड होती. ओरडावं तर तो दचकून वळला असता. शिडीची दांडी तिनं एवढी घट्ट धरली की बोटं बधिर झाली. मग रोज घरात बोलते त्या आवाजात ती म्हणाली,

"अहो, उजवा पाय टेकू नका."

पाय हवेत थांबला.

"का?"

"तिथं पट्टी नाही. पत्रा आहे."

बराच वेळ तो एका पायावर उभा राहिला. काचघरात कुठंतरी नळ चालू होता, तो बंद झाला.

"पांढरं दिसतंय," तो म्हणाला.

"कागद आहे तो. माझा."

त्यानं पाय सावकाश मागे घेतला. आता त्याच्याभोवती सगळंच पांढरं होतं आणि कशावर विश्वास ठेवावा ते त्याला कळत नव्हतं. तो खाली बसला, दोन्ही हातांनी पट्टी धरून. एकतीस वर्षांत तिनं त्याला छपरावर असं बसलेलं पाहिलं नव्हतं. तिथून तिनं त्याला एकेक वीत खाली आणलं. डावा पाय खाली सोडा, अजून थोडा, आता बोटांना लोखंड लागेल, लागलं का, आता हात. तो "हं" म्हणायचा आणि ती पुढचं सांगायची. घरी लेक पहिल्यांदा जिना उतरली होती तेव्हा ती अशीच बोलली होती. तो शिडीपर्यंत पोचला, उतरला, जमिनीवर उभा राहिला. त्याचे हात स्थिर होते.

"कुणापाशी बोलू नकोस," तो एवढंच म्हणाला.

बोलायची गरज उरली नव्हती. थोरले माळी ओले हात पुसत काचघराच्या दारातून बाहेर आले. मोकळ्या खणांतून आत सगळं ऐकू गेलं होतं. त्यांनी बोक्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे. पश्चिमेला ढग चढत होते आणि वारा सुटला होता.

"वहिनी, किती उरलेत?"

"चार. खालच्या रांगेतले."

"वारा आत शिरला तर बसवलेलेही उचकटेल. दुसरा माणूस उद्याशिवाय नाही मिळायचा."

"मी बसवते," ती म्हणाली. आपण काय बोललो ते तिला बोलून झाल्यावर कळलं.

"तुला सहाव्या पायरीपुढे चक्कर येते," बोका म्हणाला.

"येऊ दे."

तो माळ्यांकडे तोंड करून म्हणाला, "ती आकड्याची शिडी आणा." छपरावर आडवी टाकून जिच्यावर पालथं पडून काम करतात ती शिडी बागेत कधीपासून पडून होती. बोक्यानं तिला जन्मात हात लावला नव्हता. आजाऱ्याची खाट म्हणायचा.

माळ्यांनी आकडा अडकवला आणि बाहेरची शिडी धरून उभे राहिले. ती चढली. पालथी पडली आणि गाल थंड लोखंडाला टेकला. खाली बघायचं नाही असं ठरवून तिनं लगेच खाली बघितलं. आत बोका कुंड्यांच्या ओट्यावर चढला होता. मोकळ्या खणातून त्याचे दोन हात वर आले, पत्रा घेऊन.

"अक्षरं तुझ्याकडे आहेत?"

"आहेत."

"चहूबाजूंनी बोट जातंय?"

"जातंय."

"मग दाब. घाबरू नकोस, मी खाली आहे."

वारा तिचं पातळ फडफडवत होता. पहिला पत्रा बसवायला तिला फार वेळ लागला. एकेका खणाला माळी शिडी सरकवत, ती पुन्हा चढे, पुन्हा गाल लोखंडाला टेके. भीती कमी झाली नाही. ती नुसती तिच्याबरोबर सरकत राहिली. तिसऱ्या खणाला स्क्रू हातातून निसटला, तो आत ओट्यावर पडला, बोक्यानं आवाजावरून उचलला आणि परत दिला.

चौथ्याचा शेवटचा स्क्रू आवळून तिनं कागदाचं टोक नखानं उचललं आणि सगळा ओढून काढला. पत्र्याखाली तिला नुसत्या कुंड्या दिसल्या. मग तिनं शेजारच्या खणात पाहिलं. तिथं जुनी काच शाबूत होती. तिच्याखाली, एक खण चुकून, बोका उभा होता, मान वर, दोन्ही हात उंच करून तळवे पसरलेले, पडणाऱ्याला झेलायला धरतात तसे.

"इथंच आहेस ना गं?" त्यानं विचारलं.

"इथंच आहे," ती म्हणाली. "हलू नका."