मास्तरांच्या गळ्याचं खरं माप

दचकू नका, साप नाही मी. मास्तरांच्या गळ्यात लोंबकळते ना, ती मापाची टेप बोलतेय. लांबी साठ इंच, दोन्ही टोकांना पितळी पट्ट्या, अंगावर काळे ठळक आकडे. काचेच्या धाग्यांनी कारखान्यात मला विणलं तेव्हाच ठरलं होतं, की ही ना ताणली जाणार, ना आटणार. तरीही एक दिवस मला खोटारडी ठरवण्यात आलं. तीच गोष्ट सांगते.

मास्तर कोट शिवतात. त्यांना जुना दमा आहे. लोकरीच्या कापडाला कात्री लागली, की बारीक तूस उडतं आणि त्यांच्या छातीत शिट्टी वाजू लागते. माझा मुक्काम छातीवरच, त्यामुळे ती सगळ्यांत आधी मला ऐकू येते.

दोन वर्षांपूर्वी एकदा दम फारच लागला. डॉक्टरबाईंनी पाच दिवसांच्या स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी मास्तर गुणगुणत कोट कापत होते! त्यांनी ती चिठ्ठी जपून ठेवली. मग जरा धाप लागली, की औषधाच्या दुकानात तीच चिठ्ठी दाखवायची आणि गोळ्या आणायच्या. रोज ओढायचा दम्याचा पंप मात्र खणात पडून.

काज-बटणं मास्तरांची बायको करते. सगळं गिऱ्हाईक तिला वहिनी म्हणतं, म्हणून मीही वहिनीच म्हणते.

"अहो, पंप घ्या की."

"पंपाची सवय लागते. गोळी कशी, पाच दिवसांचा पाहुणा."

"पाहुणा सारखा सारखा यायला लागला, तर त्याला घरजावई म्हणतात!"

मास्तर हसले. पण गोळ्या चालू असल्या, की ते पहाटे चारलाच उठून बसत, दिवसभर खा-खा करत आणि वाकड्या शिलाईवरून वहिनींवर खेकसत. चेहरा गोल झाला होता. गिऱ्हाईक म्हणे, "मास्तर, तब्येत सुधारली!" तेवढ्यावर ते खूश.

दर थंडीत मास्तर स्वतःसाठी एक कोट कापतात आणि आपलं माप वहीत लिहितात. गेल्या थंडीत त्यांनी मला गळ्याभोवती फिरवलं. आधीच्या खेपेला पंधरा इंच होतं, आता साडेसोळा. कंबर छत्तीसची चाळीस. दंड आणि मांड्या मात्र उतरलेल्या. मास्तरांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं.

"टेप आटली!"

"परवा शर्ट घट्ट झाला तेव्हा कापड आटलं होतं," वहिनी म्हणाल्या. "आणा ती पोलादी पट्टी."

त्यांनी मला टेबलावर सरळ अंथरलं आणि शेजारी पट्टी ठेवली. माझी छाती धडधडत होती, म्हणजे असती तर धडधडली असती. इंचाला इंच लागला. केसाचाही फरक नाही.

"टेप नाही आटली. मांड्या आटल्यात तुमच्या. काल स्टुलावरून टेबल धरून उठलात, पाहिलंय मी."

मास्तरांनी वही मिटली. मग हळूच म्हणाले, "अगं, आता कापायला उभं राहता येईल ना मला?"

दुसऱ्या दिवशी मापाची वही डॉक्टरबाईंच्या टेबलावर होती. त्यांनी ती बारकाईने वाचली.

"वर्षात किती वेळा घेतल्या गोळ्या?"

मास्तर बोटं मोजू लागले. "पाच... नाही, सात. आठ."

"पाच-पाच दिवस म्हणजे थोडेच वाटतात, पण शरीर सगळे दिवस एकत्र धरतं. साखर, हाडं, डोळे, स्नायू, झोप, सगळ्यांना झळ लागते. गोळी वाईट नाही. जीवावर बेतलं तर मीच देईन. पण मनाने सुरू करायची नाही आणि मनाने बंदही करायची नाही. आता पंप कसा घेता ते दाखवा."

मास्तरांनी दाखवला. सगळं औषध जिभेवर!

"जिभेला कुठं दमा झालाय?" वहिनी म्हणाल्या, आणि डॉक्टरबाईही हसल्या.

रक्त तपासलं, हाडं तपासली. साखर वाढली होती, पण वेळ गेलेली नव्हती. मास्तर पंप ओढायला नव्याने शिकले. सावकाश, श्वासाबरोबर, आणि नंतर चूळ भरून. कापताना नाकाला फडकं आलं. वहीत कोटाच्या मापांखाली पंपाची खूण रोज पडू लागली.

वर्ष झालं. याच थंडीत वाद्यवृंदाच्या चाळीस लोकरी कोटांचं काम आलं. मास्तरांनी ते सगळे उभ्याने कापले. एकही गोळी लागली नाही! शेवटच्या दिवशी एका उंच वादकाच्या लांब कोटाच्या खालच्या काठाला टाचण्या लावायला ते जमिनीवर बसले आणि कशालाही हात न लावता ताडकन उठले. वहिनींनी काज अर्धवट टाकून टाळी वाजवली. साखर जागेवर आलीय. गळा सव्वापंधरा.

आता माझा पहिला इंच झिजलाय, पितळ काळवंडलंय. लवकरच नवी टेप येईल, येऊ दे. जाण्याआधी एवढंच सांगते: दोन दिवसांत उतार पडतो म्हणून त्या गोळीशी परस्पर सोयरीक करू नका. कधी घेतली, किती घेतली, लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

थांबा, गिऱ्हाईक आलंय. मी त्याच्या छातीभोवती आणि मास्तर सांगतायत, "पूर्ण श्वास घ्या साहेब, अगदी भरून!" आणि दाखवायला म्हणून स्वतःही घेतात.